बेअरिंगचा आवाज म्हणून आलेली गाडी

द्राक्षाच्या सीझनमधे तासगाव भागातल्या पिकअपवाल्यांना एक दिवस गाडी उभी ठेवणं परवडत नाही, म्हणून हे मामा आले तेव्हा चेहरा पार उतरलेला होता. दुसऱ्या गॅरेजमधे सांगितलेलं, कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन आणि क्रॅंकला जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलंय, इंजिन खोलायला लागणार, खर्च लाखाच्या घरात. डिझेल सीआरडीआय गाडी, म्हणजे जास्त प्रेशरने इंजेक्टरमधून डिझेल फवारणारी, चार सिलिंडर. स्लोला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, टक टक टक आणि रेस केली की आवाज वाढायचा, बॉनेट बंद ठेवून ऐकलं तर कुणालाही बेअरिंगच वाटेल असा.

मी आधी गाडीला हात न लावता मामांनाच विचारत बसलो. माझं ठाम मत आहे की ड्रायव्हर रोज आठ-दहा तास त्या आवाजासोबत बसतो, त्याच्याएवढं कुणाला माहीत असणार? पण त्याला विचारतच नाही कुणी.

"मिस्त्री, वाशीला माल उतरून परतीचं भाडं भरून खंडाळा चढताना लई वाजतंय. उताराला कमी हुतंय. आणि ब्लोअर लावला की धुराचा वास येतोय आत, डोकं धरतंय."

वासाचं ऐकलं आणि माझा बेअरिंगवरचा विश्वासच उडाला. बेअरिंग गेलं तर खालून, चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीच्या) बाजूने जड ठोका येतो, इंजिन तापून ऑईल पातळ झालं की अजून वाढतो, ऑईलचा लाल दिवा पण कधीकधी लुकलुकतो, पण केबिनमधे धूर कशाला येईल? तरी खात्री करायला ऑईल काढलं, फिल्टर कापून बघितला, झिजलेल्या बेअरिंगचा चमकणारा धातूचा कण एकही नाही.

मग लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून खालून वर ऐकत आलो. चेंबरला शांत. वर तिसऱ्या सिलिंडरपाशी मात्र स्पष्ट. आणि आवाजाची चाल पण क्रॅंकपेक्षा (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यापेक्षा) संथ होती. फोर स्ट्रोकमधे क्रॅंक दोनदा फिरतो तेव्हा एका सिलिंडरची पाळी एकदा येते, म्हणजे स्लोला ८०० आरपीएम असेल तर मिनिटाला ४०० वेळा. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) पण याच चालीने वाजतो, त्यामुळे नुसत्या चालीवर निकाल देता येत नाही, पण टॅपेटची टिकटिक कोरडी असते आणि इथं प्रत्येक ठोक्याच्या शेपटाला बारीक फस् होतं.

वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, त्याला आतून फोम असतो आणि तो आवाज खातो, शिवाय खालचं काही दिसत पण नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा कार्बन साठलेला! बुडाशी साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडेच बुडबुडे. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर लीक, कॉम्प्रेशन आणि जळालेला गॅस तिथून बाहेर मारत होता. लोड आला की आतलं प्रेशर वाढतं म्हणून घाटात जास्त वाजायचं, आणि तोच गॅस ब्लोअरमधून केबिनमधे.

हे असंच चालवलं तर गरम गॅस हेडमधली (इंजिनच्या वरच्या भागातली) सीट, म्हणजे वॉशर बसतो ती जागा, खातो, मग हेडचंच काम निघतं, म्हणून मामांना गाडी गॅरेजमधेच ठेवायला लावली. कार्बनने इंजेक्टर जॅम झालेला. ओढाताण केली तर तुटतो, म्हणून रात्रभर केमिकल मारून ठेवला आणि सकाळी पुलरने हळूहळू काढला. जुना वॉशर चेपून पातळ झालेला. आधी नोजलचं (इंजेक्टरच्या टोकाचं) काम झालं होतं तेव्हा तोच परत टाकलेला दिसत होता, आणि मला खरंच राग येतो याचा, काही रुपयांच्या वस्तूपायी एका माणसाचं इंजिन उघडलं गेलं असतं! कटरला ग्रीस लावून सीट हातानेच साफ केली, कचरा आत पडायला नको. नवा वॉशर, क्लॅम्पचा नवा बोल्ट, टॉर्क रेंचने टाइट. स्टार्ट केली, टक टक गायब.

वाशीची खेप करून परत आलात की दाखवा म्हटलं होतं. आले, साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा नाही. बाकीच्या तिघांचे वॉशर सीझन संपल्यावर बदलू म्हटलं तर मामा म्हणाले, "आत्ताच टाका, मिस्त्री. मी बसतो हितं."

मग उरलेले तीन पण त्याच दिवशी बदलले.