स्पेशालिस्ट कोचकडची जागा कुणाला द्यायची?

क्रिकेट मॅनेजमेंटच्या, म्हणजे स्वतः न खेळता संघ चालवायच्या गेममध्ये फलंदाजीचा महागडा स्पेशालिस्ट कोच घेतला की पहिला मोह होतो तो अकराव्या क्रमांकाच्या खेळाडूला त्याच्या हवाली करण्याचा. खरी गरज त्यालाच आहे, हेही खोटं नाही. पण कोचकडे जागा मोजक्या असतात. त्या गरज बघून वाटल्या तर हंगामाअखेरीस पदरात फारसं काही पडत नाही. वाटप धावांच्या हिशेबानं करायचं.

समजा सलामीवीराची सरासरी ३० आहे आणि तो १०० चेंडूंत ५० धावा काढतो. म्हणजे साधारण दर ६० चेंडूंमागे तो एकदा बाद होतो. बचाव सुधारून हा आकडा ६६ चेंडूंवर गेला, तर सरासरी ३३ होते. हंगामात तो २५ वेळा बाद होत असेल तर ७५ धावा वाढल्या. आता शेपटातला गोलंदाज घ्या, सरासरी १०. रेटिंग (गेममध्ये दिसणारा कौशल्याचा आकडा) खालचं असताना प्रगती सहसा झपाट्यानं होते, म्हणून त्याची सुधारणा दुप्पट, म्हणजे २० टक्के धरू. सरासरी झाली १२. तो १५ वेळा बाद झाला तर मिळाल्या ३० धावा. दुप्पट शिकूनही निम्म्याहून कमी!

गोलंदाजीत हाच हिशेब आणखी बोलका आहे. मुख्य गोलंदाज हंगामात २८ च्या सरासरीनं ५० बळी घेतो, म्हणजे १४०० धावा देतो. सरासरी फक्त ५ टक्क्यांनी उतरली तर तेच ५० बळी १३३० धावांत मिळतात. ७० धावा वाचल्या. सलामीवीराला १० टक्के सुधारून जे मिळालं, जवळपास तेवढंच इथे ५ टक्क्यांत मिळतं. म्हणून पैसे एकाच चांगल्या कोचपुरते असतील आणि बहुतेक षटकं तीन वेगवान गोलंदाज टाकत असतील, तर माझं मत वेगवान गोलंदाजीच्या कोचला. संघात एकच फिरकीपटू असताना फिरकीचा कोच घेणं मात्र निव्वळ हौस आहे.

क्षेत्ररक्षणाच्या कोचकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. सुटलेला झेल स्कोअरकार्डवर दिसत नाही, हे त्याचं कारण असावं. स्लिपमध्ये हंगामात ४० संधी आल्या आणि झेल पकडण्याचं प्रमाण ७० वरून ७५ टक्क्यांवर गेलं, तर दोन झेल जास्त. जीवदान मिळालेला फलंदाज तिथून पुढे साधारण आपल्या सरासरीइतक्या धावा आणखी काढतो असं धरलं, तर ६०-७० धावा तिथेच वाचल्या. अट एवढीच, की शिकवलेला खेळाडू प्रत्यक्ष सामन्यात स्लिपमध्येच उभा असला पाहिजे. डीप थर्ड मॅनला धाडलात तर कोचचा पगार पाण्यात.

आता खरी मेख. कोच काम करतोय हे ओळखायचं कसं? बहुतेक जण सरासरी बघतात आणि इथेच फसतात. फलंदाजाच्या धावांमध्ये चढउतार प्रचंड असतो. ४० सरासरीच्या खेळाडूच्या धावांचं प्रमाण विचलनही (धावा सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचं माप) साधारण ४० च्याच घरात असतं. इंग्लंडमधल्या काउंटी चॅम्पियनशिपसारखे १४ सामने धरले तर जास्तीत जास्त २८ डाव. ४० ला २८ च्या वर्गमुळानं भागलं की उत्तर येतं साडेसात. म्हणजे कोचनं काहीही शिकवलं नाही, तरी हा माणूस एका हंगामात ३३ आणि दुसऱ्यात ४७ सरासरी दाखवू शकतो. ५० बळींचंही तसंच, सात बळी इकडे-तिकडे नुसत्या नशिबानं होतात. तीन-चार धावांची सुधारणा या गोंधळात कुठल्या कुठे हरवते.

म्हणून बघायचं ते रेटिंग, आणि तेही जपून. पडद्यावर ६२ दिसतं तेव्हा आत दशांश लपलेले असू शकतात: ६२.१ असेल किंवा ६२.९. कोचकडे पाठवल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ६३ झालं तर हुरळून जाऊ नका, तो खेळाडू उंबरठ्यावरच उभा असेल. पहिली वाढ मोजायचीच नाही. तो आठवडा लिहून ठेवा आणि पुढच्या वाढीपर्यंत किती आठवडे गेले ते मोजा. ६३ तिसऱ्या आठवड्यात आणि ६४ नवव्या आठवड्यात झालं, तर वेग सहा आठवड्यांना एक गुण. त्याच वयाचा, साधारण त्याच रेटिंगचा दुसरा खेळाडू सर्वसाधारण कोचकडे ठेवून त्याचाही वेग असाच काढा. त्याला आठ आठवडे लागत असतील तर स्पेशालिस्टचा फायदा नेमका किती हे कळलं, आणि त्याच्या पगारातला फरक परवडतो का हेही. दोघांचीही तंदुरुस्ती आणि खेळलेले सामने सारखे हवेत, नाहीतर तुलना फुकट.

या मोजणीत सर्वात मोठा घोळ आपला उतावीळपणाच घालतो. दर आठवड्याला बचाव, मग आक्रमण, मग फिरकीविरुद्ध खेळ असं फिरवत राहिलं तर प्रत्येक खात्यात थोडं थोडं साचतं आणि आकडा कुठेच हलत नाही. अष्टपैलूचंही असंच होतं. दोन्हीकडे अर्धा अर्धा वेळ देण्यापेक्षा तो ज्या कामासाठी संघात आहे ते आधी पक्कं करा. थकव्याचा हिशेब ठेवणाऱ्या गेममध्ये लागोपाठच्या सामन्यांत वेगवान गोलंदाजाचा सराव हलका ठेवायचा.

जागा काढून कधी घ्यायची, हेही त्याच वहीतून कळतं. आधी सहा आठवड्यांत मिळणाऱ्या गुणाला दहा आठवडे लागायला लागले, की वय आडवं येतंय किंवा कमाल मर्यादा जवळ आलीय. त्या दिवशी त्याला सर्वसाधारण कोचकडे हलवा आणि फलंदाजीच्या कोचकडची जागा असेल तर ती वरच्या फळीतल्या सर्वात तरुण फलंदाजाला द्या.