बंधित

सकाळी पंचायतीचं कुलूप काढायला गेलो तर पायरीवर अंगणवाडीच्या ताई बसलेल्या. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. रात्रीच्या पावसात वस्तीकडच्या वाटेवरची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा पाइपांचा छोटा पूल, वाहून गेली होती आणि त्यांनी चार पोरं एकेक करून कडेवर घेऊन ओढ्यापलीकडून आणली होती. "भाऊसाहेब, आज आणली. उद्या पाणी वाढलं तर नाही जमायचं," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात सरपंचताई आल्या. पंचायतीच्या पैशांचा हिशेब दाखवणारं ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडलं. केंद्राकडून येणारा पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी चार लाखांवर, अबंधित नऊ हजार.

"चार लाख आहेत की!"

आहेत, पण बंधित. या अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले होते, निम्मे निम्मे. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाची गरज बसवायची, त्यातूनही पगार करता येत नव्हते. आमचे ते ४० टक्के जूनमध्येच जवळजवळ सगळे शाळेच्या छपराला लागले होते. मोरी ना पाण्यात बसत होती, ना स्वच्छतेत.

एक सदस्य हळूच म्हणाले, "सांडपाण्याचं गटार दाखवा. पाइप ते पाइपच." पैसे काढायला सरपंचताईंची आणि ग्रामसेवक म्हणून माझी, दोघांची डिजिटल सही लागते. माझा सहीचा डोंगल टेबलावरच होता. तो मी कपाटात ठेवला. सरपंचताईंनीही आपला पर्समधून काढला नाही.

"पैसे गावाचे आणि लावायचे कुठे ते दिल्लीनं सांगायचं?" त्यांनी विचारलं. प्रश्न खरा होता. ७३व्या घटनादुरुस्तीनं गावाला सांभाळायला २९ विषय दाखवले, पण आयकर, जीएसटी वरच राहिले. आमच्या हातात मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. तरी सगळ्याच अटींना मी नावं ठेवणार नाही. पैसे बांधलेले नसते तर आमच्याकडे सांडपाणी जिरवणारे शोषखड्डे झालेच नसते, ग्रामसभेत सगळे सभामंडपच मागतात. केंद्राचा हप्ता राज्यानं दहा कामकाजाच्या दिवसांत खाली सोडला नाही तर राज्याला व्याज भरावं लागतं, ही अटही आमच्याच बाजूची. पण पावसाळ्यात वाहून गेलेल्या मोरीपुरता तरी पैसा गावाच्या हातात मोकळा हवाच.

त्या नऊ हजारांखेरीज मोकळा पैसा एकच, ग्रामनिधी, म्हणजे पंचायतीची स्वतःची वसुली. त्यात वीज बिल भरून जेमतेम सहा हजार उरलेले. मी मागणी रजिस्टर काढलं. दुपारी सरपंचताई, शिपाई आणि मी छत्र्या घेऊन थकबाकीदारांच्या दारात. पहिल्या दोन घरांत "गटार कधी करणार ते आधी सांगा" हेच ऐकलं. मग सरपंचताईंनी अंगणवाडीच्या ताईंनाच बरोबर घेतलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. तीन वर्षांची घरपट्टी थकवलेल्या एका आजोबांनी कोनाड्यातला डबा उघडून ओलसर नोटा मोजून दिल्या आणि पावती दोनदा वाचून घेतली.

अंधार पडेपर्यंत अठ्ठावीस हजार जमले. दुसऱ्या दिवशी तातडीच्या सभेत ठराव झाला, तिसऱ्या दिवशी पाइप ओढ्यात बसले. मुरमाला पैसे पुरले नाहीत. तो वस्तीतल्या माणसांनी स्वतःच्या ट्रॅक्टरनं आणून टाकला.