गट कळला, पण काम कोणतं?

युरोपीय महासंघाच्या २००० सालच्या कामगार-सुरक्षा निर्देशात रोगजंतूंचे चार गट आहेत. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतही चारच. आजार किती गंभीर, काम करणाऱ्याला धोका किती, बाहेर पसरेल का, लस किंवा औषध आहे का, या कसोट्यांवर गट ठरतो. गट १ निरुपद्रवी, गट ४ मध्ये इबोला. त्यावर वाद नाही. गफलत होते ती मधल्या दोन गटांत: आकडा पाहतात, काम कोणतं ते पाहत नाहीत.

लेप्टोस्पायरा, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा जंतू, गट २ मध्ये. माणसाकडून माणसाला तो सहसा लागत नाही आणि औषधाने बरा होतो, म्हणून. पण मुंबईच्या पावसाळ्यात, पायाला चीर पडलेली असताना नाल्यात उतरणाऱ्या सफाई कामगाराला या आकड्याचा काय दिलासा? गट ठरवताना निरोगी कामगार गृहीत धरतात. चीर, मधुमेह, उंदरांचं मूत मिसळलेलं गुडघाभर पाणी त्यात मोजलेलं नसतं. आखूड गमबूट तर उलटा त्रास: वरून पाणी शिरलं की जखम तासन्‌तास त्यातच भिजते. जखम आधी जलरोधक पट्टीने झाका. पाण्यातून आल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या.

क्षयाचा जंतू गट ३ मध्ये, कारण तो हवेतून जातो. तरी तपासणीसाठी थुंकीची स्लाइड करणं आणि त्याच थुंकीचं कल्चर करणं, म्हणजे त्यातले जंतू मुद्दाम वाढवणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक. कल्चरमध्ये जंतू कैक पटींनी वाढलेले असतात. त्यात नळी हलवून मिसळणारं व्हॉर्टेक्स आणि ती गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज ही यंत्रं सूक्ष्म तुषार उडवतात. नळी काठोकाठ भरली किंवा तडकलेली असली की गळतेच. म्हणून सेंट्रिफ्यूज थांबल्यावर दहा मिनिटं थांबायचं, नळ्यांची झाकणबंद बकेट तशीच सुरक्षा कॅबिनेटमध्ये (हवा आत ओढून गाळणाऱ्या कपाटात) न्यायची आणि तिथेच उघडायची. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर वही ठेवायची सवय मात्र सुटता सुटत नाही! जाळी झाकली की हवेचा पडदा तुटतो आणि आतले तुषार थेट तोंडावर.

हिपॅटायटिस बी युरोपीय यादीत गट ३ मध्येच, पण पुढे एक खूण, तिचा अर्थ: एरवी हवेतून लागत नाही. इथे धोका सुईचा. लस न घेतलेल्याला बाधित रक्ताची सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीची साधारण ०.३ टक्के. सुईला टोपण परत लावू नका, ती थेट न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाका. लस ०, १ आणि ६ महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासा. दर मिलिलीटरला १० मिली-युनिटपेक्षा कमी आल्या, तर ‘लस झाली’ ही नोंद कागदापुरतीच.