हा सिनेमा कापता आला नसता का?

घरी ‘ओम दर-ब-दर’ लावला की शेवटी कुणीतरी विचारतंच, ‘अर्धा तास कापता आला नसता का हो?’ गेल्या रविवारी तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

आला असता. बेडकांच्या पोटातल्या हिऱ्यांचं प्रकरण मलाही रेंगाळल्यासारखं वाटतं. पण घड्याळ लावून बघा, सिनेमा 101 मिनिटांचाच आहे. तीन तासांचे सिनेमे आपण चिवडा खात आरामात बघतो, कारण तिथे गोष्ट आपलं बोट धरून नेते. दिग्दर्शक कमल स्वरूप बोट धरत नाहीत. म्हणून तो लांबतो.

1988चा हा सिनेमा, एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या तुटपुंज्या पैशात अजमेर-पुष्करला केलेला. बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, आपल्याकडे थिएटरात यायला मात्र 2014 उजाडलं. मधली सगळी वर्षं तो व्हिडिओ कॅसेटवरून हातोहात फिरला. मीही पहिल्यांदा पाहिला तो नाशिकच्या मेनरोडवरच्या एका मित्राकडे, मुंग्या आलेल्या चित्रात. निम्मं कळलं नाही, पण रात्रभर झोप लागली नाही.

कारण त्यातलं घर मला ओळखीचं होतं. बाबूजी सरकारी नोकरी सोडून ज्योतिषी होतात, आणि मुलगा ओम शाळेत विज्ञान शिकतो, पाण्याखाली श्वास रोखून धरतो. मी पंचवटीत वाढलो. कॉलेजात सकाळी बेडूक चिरायचा आणि परतताना गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, रामकुंडात कुणाच्या तरी अस्थी सोडताना बघत उभं राहायचं. दोन्ही खरं वाटायचं, एकानं दुसरं खोडलं जात नव्हतं. हे असं एकत्र नांदणं पडद्यावर मी दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही. आणि ते घाईत दाखवता येत नाही.

दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. 1912मध्ये त्यांनी वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपलं आणि पडद्यावर झरझर वाढताना दाखवलं. कित्येक दिवस त्यांनी असे आवळून बसवले. कमल स्वरूप पुढे वर्षानुवर्षं याच फाळक्यांच्या मागे लागले, त्यांच्या काशीतल्या दिवसांवर ‘रंगभूमी’ हा माहितीपट केला. स्वतःच्या सिनेमात मात्र त्यांनी वेळ सैल सोडली. मला ती सैल वेळच आवडते.

बेडकांमधली दहा मिनिटं हवी तर कापा. पण पुढच्या वेळी मध्येच उठून चहा टाकायला जाऊ नका. ओम श्वास रोखतो तेव्हा मीही रोखतो, दर वेळी, आणि दर वेळी माझा आधी सुटतो.