बायकांच्या यादीत एक पुरुष

ग्रामीण रुग्णालयात कुटुंबनियोजन शस्त्रक्रियांचा दिवस होता. समुपदेशक म्हणून माझ्यापुढच्या यादीत अकरा बायका आणि एक पुरुष. तो मार्केट यार्डात हमाल. बायकोची दोन सीझर झालेली, तिचं पोट आता पुन्हा उघडायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

तासाभरात त्याची आई आली. "पोती उचलतोय त्यो. अंगातली ताकद गेली तर खायचं काय? हिचंच करा." बाकावर बायकोसोबत बसलेला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "बायल्या हाय."

आईच्या भीतीला इतिहास आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यातल्या कित्येक सक्तीने. नसबंदी म्हणजे खच्चीकरण नव्हे, हे तेव्हा कोण समजावत बसणार? म्हणून मी कागदावर चित्र काढून सांगते. वृषण जागेवरच राहतात. पुरुषी संप्रेरक थेट रक्तात उतरतं, शुक्राणू नेणाऱ्या नळीतून, म्हणजे शुक्रवाहिनीतून, जातच नाही. जागेपुरती भूल द्यायची, टोकदार चिमट्याने कातडीला बारीक छिद्र पाडायचं, नळी बाहेर घेऊन बांधायची आणि छोटा तुकडा कापायचा. टाका लागत नाही. दोन दिवस आराम, आठवडाभर ओझं आणि सायकल बंद. सही फक्त त्याची लागते, आईची किंवा बायकोची नाही.

आईला ते पटत आलं होतं. मग मी विचारलं, सून काय काम करते? "त्याच यार्डात कांदा निवडती, पाट्या उचलती." तिच्या ताकदीचं काय, हे तोवर कुणी विचारलं नव्हतं.

आईची भीती नेमकी कशाची, याचं उत्तर मला तिथे मिळालं. भीती नुसत्या अशक्तपणाची असती तर ती दोघांबद्दल वाटली असती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचं ०.३. शस्त्रक्रिया हे बाईच्या वाट्याचं भोगणं ठरलेलं, ते जो अंगावर घेईल तो बाईच्या पायरीवर उतरला. बाईला 'मर्दानी' म्हटलं की कौतुक होतं आणि पुरुषाला 'बायल्या' म्हटलं की अपमान. त्या माणसाला लागलेला शब्द खरोखरच लागला, डोळे खाली गेले त्याचे. पण बाई असणं कमीपणाचं मानलं नसतं, तर त्या शब्दात लागण्यासारखं काही उरलंच नसतं.

शस्त्रक्रिया झाली. खरी चूक पुढे होते. नळीत आधीचे शुक्राणू उरलेले असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. हे टाळलं आणि दिवस गेले, की संशय बायकोच्या चारित्र्यावर येतो. म्हणून मी तपासणीची तारीख नेहमी बायकोलाही लिहून देते.

त्या तारखेला दोघं आले. अहवालात शुक्राणू शून्य. बायकोने त्याची एक प्रत मागून घेतली, घडी घालून आपल्या पिशवीत ठेवली.