साधनकेरीच्या काठी खोली शोधताना

बेळगावहून धारवाडला बसनं जावं की रेल्वेनं, यावर आमच्या घरात कायम दोन तट. रेल्वे खानापूर, लोंढा, अळणावर, मुगद असा लांब वळसा घेते, पण पावसाळ्यात लोंढ्याकडचं रान बघायचं असेल तर तिला तोड नाही. बस हिरेबागेवाडी, एम. के. हुबळी, कित्तूर करत हायवेनं सरळ जाते. पाऊणशे किलोमीटर, दोनेक तास. भाचीला कर्नाटक विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता आणि खोल्या उजेडात बघायच्या होत्या, म्हणून सकाळची बस धरली.

बसमध्येच सीमाभागाचा नमुना बघायला मिळाला. 'शक्ती' योजनेमुळे जून 2023पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसमधून प्रवास फुकट आहे. भाचीनं आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरनं शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात दिलं. शेजारची तिची मैत्रीण चंदगडची, आधारवर जिल्हा कोल्हापूर. तिला पूर्ण तिकीट. भाची हसत म्हणाली, "तुझं गाव दोन डोंगर अलीकडं पाहिजे होतं गं." तेव्हा चंदगड, गडहिंग्लजकडच्या मुलींनी महिन्याचा खर्च मांडताना बसभाडं विसरू नये. आणि इकडच्या मुलींनी आधारवरचा पत्ता कर्नाटकातलाच आहे ना, ते बघून निघावं.

धारवाड आपल्याला तसं परकं नाही. 2010 साली बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ होईपर्यंत बेळगावातली कॉलेजं धारवाडलाच जोडलेली होती. आमच्या ताईच्या पदवीवर धारवाडचाच शिक्का आहे. धारवाडचं हे कर्नाटक विद्यापीठ 1949 साली मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी इथं आलं. ज्यांच्या नावानं आवाराला पावटेनगर म्हणतात, ते कुलगुरू डी. सी. पावटेही मूळचे आपल्या गोकाक तालुक्यातले. आवार ऐसपैस आणि चढउताराचं आहे. सायकल न्यायचा बेत असेल तर आधी एकदा वसतिगृहापासून आपल्या विभागापर्यंत पायी जाऊन बघा, मग ठरवा.

खोलीसाठी बहुतेक जण आधी सप्तापूर गाठतात. तिथं स्पर्धा परीक्षांचे क्लास एकाला एक लागून आहेत. पीएसआय, केएएस म्हणजे कर्नाटक प्रशासकीय सेवा, शिक्षक भरती, सगळ्यांचे फलक कन्नडमध्ये आणि प्रत्येक फलकावर पास झालेल्यांचे फोटो. वाचनालयं, झेरॉक्स, चहाच्या टपऱ्या, सगळं पायाशी. पण गर्दी फार. एका खोलीत जितकी मुलं मावतात त्यापेक्षा एक जास्तच असते, असा माझा समज झाला. परीक्षेची तयारी करणाऱ्याला तो माहोल लागतो, मान्य. दोन वर्षं प्रयोगशाळेत घालवणाऱ्या पोरीला मात्र तो नको, असं मी ठरवून टाकलं. भाचीनंही वाद घातला नाही.

म्हणून साधनकेरीकडे वळलो. तळं, काठाला बाग आणि भोवती जुनी बसकी घरं. द. रा. बेंद्रे इथं राहायचे. घरची बोली मराठी, कविता कन्नड. 1973चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. एका कवितेपायी ब्रिटिशांनी त्यांना आधी आपल्या हिंडलग्याच्या तुरुंगात टाकलं आणि मग मुगदला नजरकैदेत ठेवलं. तेच मुगद, रेल्वेनं आलात तर धारवाडच्या आधी लागतं ते. बेंद्रे भवन पाहायला तासभर पुरतो.

काठावर सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांची वर्दळ असते, ऊन चढलं की जागा विद्यार्थ्यांची. एक मुलगा कट्ट्यावर मांडी घालून बसला होता. वहीचं पान उडू नये म्हणून त्यावर स्टीलचा डबा ठेवलेला, ओठांतल्या ओठांत पाठांतर चाललेलं, आणि पान उलटायच्या वेळी डबा उचलून पुन्हा नेमका त्याच जागी. आम्ही दोन-तीनदा पुढून गेलो, पण त्यानं मान वर केली नाही. ज्याला याहून मोठं पाणी आणि मोकळा बांध हवा त्यानं विद्यापीठाजवळच्या केलगेरीच्या तळ्यावर जावं. संध्याकाळ तिथली चांगली, पण मुलींनी अंधार पडायच्या आत परतावं.

आता खरी गोष्ट. तळ्याकाठी राहायचं म्हणून पाण्याची चिंता नाही, असं समजू नका. धारवाडात काही भागांत नळाला चोवीस तास पाणी असतं आणि बऱ्याच ठिकाणी ते काही दिवसांच्या अंतरानं येतं. भाडं विचारायच्या आधी हेच विचारा. आम्हाला आवडलेल्या घरच्या आजी मराठीत बोलायला लागल्या, मध्येच कन्नडवर गेल्या, पुन्हा मराठीवर आल्या. मी विचारलं, "पाणी कधी येतं ओ आजी?" त्या म्हणाल्या, "येतं तेव्हा येतं. टाकी मोठी आहे, या, दाखवते." आणि खरंच जिन्यानं वर नेऊन टाकीचं झाकण उघडून दाखवलं. मग खोली बघायचं निम्मं काम तिथंच झालं. टाकी किती भाडेकरूंत मिळून आहे, बोअरवेल आहे का, उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देणार, हे तिथल्या तिथं बोलून घ्या. आगाऊ रकमेची पावती मागायला लाजू नका.

जेवणाची सोय खाणावळीत. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, एण्णेगाई म्हणजे भरलेली वांगी, वर ताक. महिन्याचं खातं लावण्याआधी आठवडाभर रोख देऊन जेवा. संध्याकाळी गिरमीट म्हणजे मसाला लावलेले चुरमुरे, आणि मिरची भजी. आपल्या भडंगाची सवय असेल तर गिरमीट ओलसर लागेल, पण दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडं वळतात.

मराठी वाचणाऱ्यासाठी इथं आणखी एक ओढ आहे. जी. ए. कुलकर्णी याच गावात, जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात, जवळपास तीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. 1973 सालचं साहित्य अकादमी पारितोषिक त्यांना मिळालं आणि त्यांनी ते परत केलं. म्हणजे ज्या वर्षी साधनकेरीत ज्ञानपीठ आलं, त्याच वर्षाचा मराठीतला हा मानही याच गावात येऊन गेला. सुभाष रोडवर मनोहर ग्रंथमाला या कन्नड प्रकाशनसंस्थेचा 'अट्ट' म्हणजे माडी आहे. बेंद्र्यांपासून गिरीश कार्नाडांपर्यंत अनेकांची इथं ऊठबस होती. पुस्तकं कन्नड असली तरी चढून जा.

फलकांवर बहुतेक सगळं कन्नडच असल्यानं चंदगडच्या मुलीनं येण्याआधी निदान अक्षरं शिकून घ्यावीत, अंकही. बसवरचा नंबर वाचता आला तरी निम्मी अडचण सरते.

परतताना लाइन बाजारात ठाकूर पेढ्याच्या रांगेत उभं राहायची तयारी असेल तर हातात वेळ ठेवा. नसेल तर मिश्रा पेढा वाटेत मिळतोच. आजींना मी अर्धा किलो नेऊन द्यायला लागलो तर त्यांनी हातच पुढं केला नाही. "पेढे आम्ही रोज बघतो. पोरीला सोडायला याल तेव्हा बेळगावचा कुंदा घेऊन या."