वहीतले तीन रकाने

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्याव्यात असा निरोप आला, तेव्हा मला प्रथम आठवली ती प्रयोगशाळेतली पडदे ओढलेली खोली आणि १६ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरची एकसुरी खरखर. आमच्या विज्ञानाच्या सरांनी अणुऊर्जा आणि अणुकेंद्रक यांवरचे शैक्षणिक चित्रपट आम्हाला तिथेच दाखवले. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रसंघात शांततेसाठी अणू या विषयावर भाषण केले, त्यानंतर असे चित्रपट बरेच निघाले आणि त्यांतल्या अनेकांचे निवेदन भलतेच उत्साही असे. सरांना तो उत्साह मानवत नसे. त्यांनी आम्हाला वहीत दोन रकाने आखायला लावले होते : ‘कॅमेऱ्याने पाहिलेले’ आणि ‘चित्रकाराने काढलेले’.

सुरुवातीला काम सोपे वाटले. मध्यभागी लाल-निळ्या गोट्यांचा घोस आणि त्याभोवती गरगरणारे इलेक्ट्रॉन अर्थातच दुसऱ्या रकान्यात गेले. केंद्रकाची रुंदी अणूच्या सुमारे एक लक्षांश असते. ते मण्याएवढे काढायचे, तर अणूची कड पडद्याच्याच नव्हे, मैदानाच्याही पलीकडे गेली असती, हे सरांनी त्याच नोंदीखाली लिहून घेतले.

पहिल्या रकान्यातली माझी सर्वांत मोठी नोंद एका कृष्णधवल, जवळजवळ मूक फितीची आहे. अतिसंपृक्त, म्हणजे थेंब होण्याच्या बेतात असलेल्या, बाष्पाने भरलेल्या काचेच्या पेटीत, म्हणजे क्लाउड चेंबरमध्ये, किरणोत्सारी पदार्थाचा लहानसा तुकडा ठेवला होता आणि त्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या अल्फा या जड कणांच्या जाड, सरळ रेषा फुटून क्षणात विरून जात होत्या. बीटा कणांच्या, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांच्या, रेषा मात्र बारीक आणि वेड्यावाकड्या होत्या. मी ‘अल्फा कण पाहिला’ असे लिहिले. सरांनी खांद्यावरून वाकून ‘कण’ खोडले आणि वर ‘कणाची वाट’ असे लिहिले. कण दिसत नाही, त्याने वाटेत निर्माण केलेल्या आयनांवर, म्हणजे विद्युतभारित अणूंवर, जमलेले थेंब तेवढे दिसतात. हसरी पात्रे आणि वाद्यवृंद असलेल्या कुठल्याही ॲनिमेशनपटाने पटली नाही एवढी अणूच्या अस्तित्वाची खात्री मला त्या विरत्या रेषांनी पटली.

खरा वाद झाला तो अणूंची साखळी प्रक्रिया समजावण्यासाठी दाखवलेल्या उंदरांच्या सापळ्यांवरून. टेबलभर ताणून ठेवलेले सापळे, त्यांवर पिंगपाँगचे चेंडू, वरून टाकलेला एकच चेंडू आणि दुसऱ्या क्षणी हवेत उसळलेला पांढरा कल्लोळ. हे कॅमेऱ्याने पाहिले होते खरे, पण त्यात अणू कुठे होता? अखेर सरांनी तिसरा रकाना आखायला लावला, ‘उपमा’, आणि उपमेत काय सुटले हे विचारण्यात एक पूर्ण तास घालवला. सापळ्यांच्या टेबलावर सगळे दारूगोळ्यासारखे एका दमात संपते. अणुभट्टीत मात्र एका विखंडनातून, म्हणजे एक अणुकेंद्रक फुटण्यातून, सुटणाऱ्या दोन-तीन न्यूट्रॉनांपैकी सरासरी एकानेच पुढचे विखंडन घडवावे, असा तोल राखलेला असतो. शिवाय त्या न्यूट्रॉनांपैकी एका टक्क्याहूनही कमी न्यूट्रॉन थोडे उशिरा, काही तर कित्येक सेकंदांनी, बाहेर पडतात आणि त्यांच्यामुळेच न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या कॅडमियम किंवा बोरॉनच्या नियंत्रक कांड्या वरखाली करायला सवड मिळते. हे उशिरा येणारे न्यूट्रॉन आम्ही पाहिलेल्या एकाही चित्रपटात नव्हते. किरणोत्सारी कचऱ्याचे काय करायचे, हा प्रश्नही निवेदक एका वाक्यात उरकत असे.

शेवटच्या फितीत पाण्यात बुडवलेल्या अणुभट्टीच्या गाभ्याभोवती गडद निळा प्रकाश दिसला. इतका देखणा निळा रंग खरा असणे शक्यच नाही, असे ठरवून साऱ्या वर्गाने तो एकमुखाने ‘चित्रकाराने काढलेले’ या रकान्यात टाकला. सर फार हसले. पाण्यात प्रकाशाचा वेग मंदावतो आणि त्या मंदावलेल्या प्रकाशाला मागे टाकणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे ही प्रभा उमटते. १९३४ मध्ये सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ चेरेन्कोव्ह यांनी तिची नोंद केली होती. ती जुनी वही मी परवा काढून पाहिली. ‘निळा प्रकाश’ हे शब्द दुसऱ्या रकान्यात खोडलेले आहेत आणि तिथून निघालेला एक वाकडा बाण पहिल्या रकान्यापर्यंत गेला आहे.